टांगलेल्या माणसाचं पान

“हिच्या अंगावर तर धड कपडाही नाही हो, वन्सं!” मामींनी कार्ड पटकन पालथं घातलं.

“अगं, ती चांदणी आहे. आशेचं पान. पुस्तकात फार चांगला अर्थ दिलाय तिचा.”

“असेल. पण हा पुरुषांचा वॉर्ड आहे.”

आक्कांनी निमूटपणे चांदणी बाजूला केली आणि पुन्हा गड्डी चाळायला घेतली. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. मध्ये चहाचा थर्मास आणि आक्कांच्या मांडीवर रुमाल पसरून ठेवलेली टॅरोची कार्डं. आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून ही कार्डं शिकल्या. नद्यांचे उगम ज्या ठामपणाने सांगत, त्याच ठामपणाने आता शेजारणींना त्यांच्या नशिबात काय आहे ते सांगत. त्यांच्या हातून आजवर कोणाचं वाईट निघालं नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. मरणाचं आणि कोसळणाऱ्या बुरुजाचं अशी दोन पानं त्यांनी गड्डीतून केव्हाच काढून कपाटात साड्यांखाली सारली होती. माणसं आधीच घाबरून येतात, त्यांना आणखी कशाला घाबरवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज मात्र गिऱ्हाईक घरचंच होतं आणि ते कोणाचंच ऐकत नव्हतं.

सकाळी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. उद्या सकाळीच. थांबलात तर विष रक्तात जाईल, मग आम्हाला काही करता येणार नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं, “मला घरी सोडा,” एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. मामींनी समजावलं, रागावल्या, रडल्या. मामा कामाला होते त्या प्रेसच्या मालकांचा फोन आला तो मामांनी घेतला नाही. संध्याकाळपर्यंत काय ते ठरवा, म्हणून डॉक्टर निघून गेले.

“मग हे बघ,” आक्कांनी दुसरं पान पुढे केलं. पांढऱ्या झग्यातली एक बाई सिंहाचा जबडा नुसत्या हातांनी मिटत होती, आणि सिंहही गुपचूप मिटवून घेत होता.

मामींनी पान हातात घेऊन नीट पाहिलं. “हे बरंय. ही मी. आणि हा कोण ते सांगायला नको.”

दोघी हसल्या. हसता हसता मामींनी पदर डोळ्यांना लावला.

“रडू नकोस. हे बळाचं पान आहे. हे मी सगळ्यात वर ठेवते. तो वरचं पान उचलेल, मी अर्थ सांगेन. धीर धर, सामोरा जा, असा सरळ अर्थ आहे. माझं ऐकेल तो, लहानपणापासून ऐकत आलाय.”

“ऐकत असते तर साखर इतकी चढली असती का?” मामी म्हणाल्या, पण उठल्या. दुसरा काही उपाय त्यांनाही सुचत नव्हता. घरात दोघंच होती. मूलबाळ झालं नाही, आणि त्याचं दुःख दोघांनी मिळून केव्हाच जुनं करून टाकलं होतं. आता मामा गेले तर घरात कोणाशी भांडायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि तो काही लहान नव्हता.

मामा हे नाव प्रेसमधलं. छपाईच्या मशीनवर इतकी वर्षं काढलेला दुसरा माणूस तिथे नव्हता, म्हणून मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. मग गल्लीतले म्हणू लागले, आता वॉर्डातलेही म्हणत होते. मशीनमनचं काम उभ्याचं. कागदाचे ताव सुटू लागले की या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचं, रंग बघायचा, शाई कमी-जास्त करायची. मामांना उभं राहायची इतकी सवय झाली होती की घरीसुद्धा ते खिडकीला टेकून उभ्यानेच चहा पीत. पाहुण्यांना वाटे, हे कुठेतरी निघालेत. मशीन बिघडणार असेल तर मामांना आधी तळव्यांना कळे. जमिनीची थरथर बदलली की ते बोलणं अर्ध्यावर सोडून मशीनकडे धावत.

आणि त्याच तळव्याने त्यांना दगा दिला. बाइंडिंगमधली तारेची एक पिन बुटात शिरली, अंगठ्यात रुतली, आणि मामा दिवसभर तिच्यावर उभे राहिले. रात्री मोजा रक्ताने भिजलेला पाहून मामींनी आरडाओरडा केला तेव्हा त्यांना कळलं. पुढे जखम भरेना, अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट.

आक्का आत आल्या तेव्हा मामा उशीला टेकून छताकडे बघत होते.

“झोपला नाहीस?”

“पडूनच आहे की सकाळपासून. अजून किती झोपू?”

आक्कांनी जेवणाचं चाकांचं टेबल पलंगावर आडवं ओढलं आणि पायथ्याशी, दुखऱ्या पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने, मामांच्या समोर बसल्या. मामी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. आक्कांनी गड्डी टेबलावर ठेवली.

“हे कशाला आणलंस? माझा नाही विश्वास.”

“नसू दे. वेळ जात नाही ना?”

मामांनी गड्डीकडे पाहिलं. फोन नाकारता येतो, डॉक्टर नाकारता येतो, पण समोर छापलेली वस्तू आली की मामांना राहवत नसे. “छपाई बघू दे,” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

आक्कांनी गड्डीवर तळहात दाबून धरला. “आधी बोली. एकच पान काढायचं. पान हो म्हणालं तर तू ऑपरेशनला हो म्हणायचं.”

“आणि नाही म्हणालं तर?”

“तर मी स्वतः डॉक्टरांशी बोलून तुला आजच्या आज घरी नेते. मग मी एक शब्द बोलणार नाही, हीसुद्धा बोलणार नाही.”

मामींनी मागून आक्कांच्या खांद्याला चिमटा काढला. एवढं कबूल करायचं कुठे ठरलं होतं? पण आक्कांना आपल्या सिंहावर पूर्ण भरवसा होता.

“शब्द?” मामांनी विचारलं.

“शब्द.”

“तू सापशिडीत सोंगटी सरकवायचीस.”

“एकदा सरकवली होती. तीही तू रडत होतास म्हणून तुझीच पुढे सरकवली होती. आता नुसतं वरचं पान उचल.”

आणि त्यांनी हात काढून घेतला. इथेच घात झाला. जन्मभर ज्याने कागद हाताळला त्याच्या हाती गड्डी द्यायची आणि नुसतं वरचं पान उचल म्हणायचं, हे होण्यासारखं नव्हतं. मामांना पायाचं दुखणं होतं, हात ठणठणीत होते. त्यांनी गड्डी उचलली, चारी बाजूंनी टेबलावर ठोकून सरळ केली, अंगठ्याने फर्रकन झाडली, अर्धी उचलून खालची वर घेतली, पुन्हा ठोकली, पुन्हा झाडली. ताव मशीनला लावायच्या आधी हवा खेळवायची म्हणून दिवसातून कितीदा तरी ते हेच करत. ते काय करताहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. ते बोलत होते दुसरंच. “कागद बरा आहे. कडा मात्र बोथट सुरीनं कापल्यात.”

आक्का “अरे, अरे” करेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. तरी त्यांनी आशा सोडली नाही. मामांनी वरचं पान न बघताच त्यांच्या हातात दिलं. आक्कांनी मामांच्या चेहऱ्याकडे बघतच ते उताणं करून टेबलावर आपल्यासमोर ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य सुरूही केलं. “बघ! सिंहाला आवरणारी स्त्री! म्हणजे बळ, धीर...”

मग त्यांची नजर खाली गेली.

पानावर एक माणूस एका पायाने टांगलेला होता. डोकं खाली, पाय वर, हात पाठीमागे.

“अगं बाई गं!” मामींच्या तोंडून निघालं आणि त्यांनी पलंगाचा गज धरला.

“हे नाही,” आक्का म्हणाल्या. “हे नव्हतंच. मी सिंह ठेवला होता रे वर! बळाचं पान ठेवलं होतं! तुला कोणी सांगितलं होतं फिरवाफिरव करायला?”

मग मामा हसायला लागले. आधी नुसता श्वास सुटल्यासारखे, मग पोट हलेपर्यंत. पलीकडच्या पलंगावरचा पेशंट मान वर करून बघू लागला. पासष्ट वर्षांची बहीण, जन्मभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान उपटलेली, चोरी कोणी पकडायच्या आत स्वतःच ओरडून सांगत होती, हे पाहून त्यांना आवरेना. आक्कांचं नाक लाल झालं होतं.

“असू दे,” मामा डोळे पुसत म्हणाले. “चुकलं माझं. पण शब्द तो शब्द. निघू या आता.”

“तसा अर्थ नाहीये त्याचा!” आक्का घाईघाईने बोलू लागल्या. “ही फाशी नव्हे. हा स्वतःहून टांगून घेतलेला आहे. जग वेगळ्या बाजूनं बघायला. म्हणजे थांबणं, वाट बघणं, काहीतरी सोडून देणं...”

“काय सोडून देणं?”

खोटं बोलायला आक्का तयार होत्या, पण खरं बोलायची वेळ आल्यावर त्या उगाच गड्डी सारखी करू लागल्या.

तेव्हा मामी बोलल्या. मागे उभ्या होत्या तिथूनच, गज घट्ट धरून. “मला नाही कळत तुमची पानं. मला एवढं सांगा, घरी जाऊन काय करायचं? तुम्ही मरायचं आणि मी बघत बसायचं? उभं राहता येणार नाही, उभं राहता येणार नाही, एवढंच लावलंय सकाळपासून. मी कधी म्हटलं मला उभा नवरा पाहिजे? बसून राहा. निजून राहा. खेकसा माझ्यावर. मला तुम्ही हवे आहात, बाकी मला काही नको.”

इतक्या वर्षांच्या संसारात असं वाक्य त्या कधी बोलल्या नव्हत्या. मामांनी उशाशी चाचपून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि समोरच्या पानावर वाकले. बाईमाणूस रडू लागलं की कामात डोकं घालायचं, हा त्यांचा जुना मार्ग.

“पिवळा सरकलाय,” ते पुटपुटले. “डोक्यामागचा उजेड बघ, घसरून कानावर आलाय. ज्यानं छापलं त्याला...” आणि थांबले. चष्मा नाकावर वर केला, पुन्हा पाहिलं.

“कोण टांगलंय म्हणालीस?”

“हा काय,” आक्का म्हणाल्या. “डोकं खाली आहे ना त्याचं.”

“माझ्याकडून तर उभा दिसतोय.”

आक्का पान फिरवायला गेल्या, पण मामांनी त्यावर बोट ठेवलं. “हलवू नकोस. तू इकडे ये गं,” हे मामींना.

मामी पलंगाला वळसा घालून आल्या आणि मामांच्या शेजारी, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. तिथून पाहिलं तर खरंच तो माणूस उभा होता. एका पायावर, सरळ. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे गेला होता आणि पोटरीपासून खाली दिसतच नव्हता. हात निवांत पाठीमागे बांधलेले, मामा मशीन सुरू असताना बांधत तसे. पायाखाली फळी होती आणि फळीला पालवी फुटली होती. चेहऱ्यावर कुठे वेदना नाही.

“डावाच आहे,” मामी हळूच म्हणाल्या. “दुमडलेला.”

“हं.”

“मग केस असे का हो ह्याचे?”

टांगलेला असल्यामुळे त्याचे केस खाली लोंबत होते, आणि या बाजूने बघताना ते ताठ उभे राहिले होते. मामांनी बराच वेळ त्या केसांकडे पाहिलं.

“घाबरलाय,” ते म्हणाले. “घाबरलाय बेटा. पण उभा आहे.”

मामींनी त्यांचा हात हातात घेतला. वॉर्डात लोक होते, समोर नणंद होती, तरी घेतला.

“आणि ही दोरी?” थोड्या वेळाने मामांनी विचारलं. “पायाला बांधलीय ती?”

“ती मी बांधली असेल,” मामी म्हणाल्या. “तोल जाऊ नये म्हणून.”

आक्कांना खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण चुकीचं उत्तर तसंच जाऊ देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “तसं पान नेहमी वाचणाऱ्याच्या बाजूनं बघतात,” त्या नाक ओढत म्हणाल्या.

“पाय कोणाचा आहे?” मामांनी विचारलं.

“तुझा.”

“मग?”

आक्कांनी दोन्ही हात वर केले. हरल्याचा इतका आनंद त्यांना पूर्वी कधी झाला नसावा.

मामा मागे टेकले. पांघरुणाखालच्या पायाकडे बघत राहिले. “तसा तो केव्हाच गेलाय,” ते मामींना म्हणाले. “दोन वर्षं झाली. मशीनची थरथर लागेना तळव्याला. कोणाला बोललो नाही. कानांवर काम काढलं. वाटायचं, सांगितलं तर घरी बसवतील.”

“मला माहीत होतं.”

“तुला?”

“भर उन्हाळ्यात गच्चीवर अनवाणी उभे होतात, डोक्यावर ऊन असताना. मी चप्पल घालून आले तरी चटके बसत होते. तुम्ही आपले पतंगवाल्या पोरांशी गप्पा मारताय. तेव्हाच कळलं.”

“मग बोलली नाहीस?”

“तुम्ही बोलत नव्हतात म्हणून नाही बोलले. वाटायचं, तुमचं लपवणं चाललंय तोवर चालू दे. चुकलंच माझं.”

मामांनी मान हलवली. चूक कोणाची हे ठरवत बसण्यात त्यांना आता रस नव्हता. “डॉक्टर कुठे असतील बघ,” ते आक्कांना म्हणाले. “सांग त्यांना, हो म्हणतोय म्हणून. आणि लवकर जा, मी पुन्हा फिरवाफिरव करायच्या आत.”

आक्का चपला न घालताच धावल्या.

सकाळी सर्जन आले. हातात जाड पेन होतं. गुडघ्याखाली चार बोटांवर त्यांनी एक वळणदार रेघ ओढली आणि बाजूला बाण काढला. मामा उठून बसून बघत होते.

“रेघेवरच कापा साहेब. आत-बाहेर झालं की सगळा जॉब वाया जातो.”

“कुठे काम करता?”

“प्रेसमध्ये.”

“बसून करता येईल असं काही आहे तिथे?”

“प्रुफं बघतात बसून. पण ते सगळे मास्तर लोक,” मामा म्हणाले आणि आक्कांकडे बघून डोळे मिचकावले. घरी जाऊनही आक्का रात्रभर झोपल्या नव्हत्या हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं, तरी त्यांनी तेवढ्यापुरतं तोंड वाकडं करून दाखवलं.

सर्जन गेल्यावर सिस्टरने पाय धुवायला पट्टी सोडली. अंगठा आणि शेजारचं बोट कोळशासारखं काळं, पण पुढची तीन बोटं नेहमीसारखी होती. मामी टक लावून बघत होत्या. मग त्यांनी पिशवीत हात घातला आणि नेलकटर काढलं.

“मामी, हे काय?” सिस्टर म्हणाली.

“नखं वाढलीत.”

“आता कशाला? आता तर...” सिस्टरने वाक्य अर्ध्यावर सोडलं.

“दोन वर्षं तुम्ही हॉस्पिटलवालेच सांगत होतात ना, साखरवाल्याची नखं जपून कापा, जखम व्हायला नको. म्हणून मीच कापायचे दर रविवारी. ह्या रविवारी इथं होतो, राहून गेली.” मामी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. “इतकी वर्षं राबला तो. असा वाढल्या नखांनी नाही पाठवायचा मी त्याला.”

सिस्टरने आक्कांकडे पाहिलं. आक्का खिडकीकडे वळल्या होत्या. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलत आला. सिस्टरने त्याला हातानेच थांबायला सांगितलं, आणि तोही काही न विचारता दाराशी उभा राहिला.

मामींनी मधल्या बोटाचं नख कापलं. मग त्याच्या पुढचं. एकेक कड जपून, मांस सोडून, दर रविवारी कापत तसंच. कापलेली नखं त्या डाव्या तळहातावर गोळा करत होत्या. करंगळीचं नख वाकडं होतं, ते नेहमीच त्रास द्यायचं. त्यांनी पाय उजेडाकडे थोडा वळवला आणि वाकून ते कापलं.

“लागलं का हो?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले. “हळू कापतेस तू.”